डब्यातली अँटेना

मिलिंद,

तुझ्या फोटोपुढे उभं राहून आपल्या मालकांनी तुला 'द्रष्टा' म्हटलं, तेव्हा मला हसू आलं. दाबलं मी, पण अर्चना वहिनींनी पाहिलंच. संत तुकाराम नगरचा तो हॉल, सगळे पांढऱ्या कपड्यांत, बुद्धवंदना नुकतीच संपलेली, आणि मालक माइक सोडायला तयार नाहीत. द्रष्टा म्हणे! कपाळावर सरकवलेला चष्मा अर्धा तास टेबलाखाली शोधणारा माणूस तू. आणि हेच मालक, तू काही दाखवायला गेलास की, "ते खेळणं ठेव बाजूला, ऑर्डरचं बघ," म्हणायचे. मेल्यावर माणूस हुशार होतो हे मला माहीत होतं. इतका होतो हे माहीत नव्हतं.

चौकात फ्लेक्स लावलाय. त्यात तुझा फोटो पासपोर्टएवढा आणि खाली शोकाकुल म्हणून पंधरा डोकी, एकेक परातीएवढं. त्यांतली दोन-तीन तुझ्या ओळखीची असतील. एकाने तर गॉगल घातलाय.

कधी गेलास, कसा गेलास, मागे कोण कोण, हे सगळ्यांच्या स्टेटसवर येऊन गेलंय, मी परत लिहिणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. भांडण अर्धं टाकून निघून जायचं ही तुझी खोड पॉलिटेक्निकपासूनची. तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सापडायचास. पंचवीस वर्षं मी तुला उठता-बसता 'मेल्या' म्हणत आले, आता तेवढा एक शब्दही तू माझ्याकडून काढून घेतलास.

तर ऐक. हे बाकीचेही वाचतील, म्हणून त्यांना आधी थोडं सांगते. तू मध्ये बोलू नकोस.

आपण भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये अँटेना करतो. टीव्हीच्या नव्हेत, गोदामांच्या दारांवर लावायच्या. मालाच्या क्रेटवर स्टिकरसारखा एक टॅग चिकटवलेला असतो. क्रेट दारातून गेला की अँटेना तो टॅग वाचते, आणि कुठला माल कुठल्या गाडीत चढला ते संगणकात उमटतं. तू अँटेना बनवायचास, मी तपासायचे. आपल्या कागदाच्या तळाशी दोन रकाने असतात, 'मोजले' आणि 'तपासले'. दोन्हींत एकाच माणसाने सही करायची नाही. आणि न बघितलेल्या आकड्यावर मी सही करत नाही. शेडमध्ये मला मागे 'फौजदारीण' म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते नाव तू ठेवलंस हेही ठाऊक आहे.

चाकणच्या त्या गोदामाची कटकट तुला आठवत असेल. दारं एकमेकांना खेटून, मध्ये वीतभर भिंत. तिथे मोठी अँटेना लावली की महिन्याभरात फोर्कलिफ्ट तिला ठोकर देणारच. छोटी लावली तर ती आपल्या दाराचं वाचायची आणि शेजारच्याचंही वाचायची. नाशिकचा माल संगणकात कोल्हापूरच्या गाडीत बसलेला दिसायचा. आता झोत बारीक हवा तर अँटेना मोठी हवी, हे आपल्याला दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं. पोरंसुद्धा पाठ करून पास होतात. पण तुला ते पटेल तर शपथ.

"वैशे, मोठी अँटेना लांब बघते," तू म्हणालास. "मला लांब नाही बघायचं. मला शेजारचं नाही बघायचं."

"मग डोळे मीट," मी म्हटलं.

तू चार दांड्या घेतल्यास, तीन-तीन बोटांच्या अंतरावर एका रांगेत उभ्या केल्यास. इतक्या जवळ कुणी ठेवत नाही. एकीचा दुसरीला त्रास होतो. तुझं म्हणणं, त्रास होऊ दे, तोच कामाला लावायचा. शेजारणींनी एकमेकींच्या उलट ढकलायचं, बाजूला जाणारं सगळं आपसातच मरायचं, आणि पुढे थोडं उरेल ते नेमकं. मी म्हटलं, "म्हणजे एका घरातल्या चार जावा. दिवसभर आपसात भांडायचं आणि उरल्या जिवात स्वयंपाक." तू चिडायचं सोडून खूश झालास. "बरोब्बर! पण स्वयंपाक एकाच ताटात पडतो."

"अर्धी ताकद दांड्यांतच तापून जाते त्याचं काय?"

"जाऊ दे की. क्रेट चार पावलांवर तर असतो."

ते तुझं बरोबर होतं. मी तेव्हा 'हं' म्हटलं होतं, आणि 'हं' म्हणजे हो, हे तुला कधी कळलं नाही. पण बाकीचं तर माझंही बरोबर होतं. एक दांडी केसभर वाकली की तुझी अँटेना रुसायची. "जिला हात लावला की सर्दी होते, ती चाकणच्या धुळीत काय टिकणार?" असं मी विचारायचे आणि तू डब्याचं झाकण लावायचास. डबा म्हणजे खराच जेवणाचा डबा. प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा, अँटेनावर बसवायला बाजारात मिळालं नाही इतकं चांगलं कव्हर. तो कुठून आणलास ते मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं.

मग तुझे गुरुवार सुरू झाले. आपली गुरुवारची सुट्टी, अख्ख्या एमआयडीसीला सुतक पडल्यासारखी शांतता, आणि तू शेडच्या मागच्या स्लॅबवर. मध्ये खांबावर डबा, त्याच्याभोवती तू ऑइलपेंटने गोल आखलेला, त्यावर खुणा. टॅग झाडूच्या दांड्याला चिकटवून तू एकेका खुणेवर जाऊन थांबायचास, आणि खाली लॅपटॉप आकडा नोंदवायचा. एकदा मी विसरलेला चार्जर घ्यायला आले तर तू गोल फिरतोयस. मी म्हटलं, "वटसावित्री का? सात जन्म हीच मिळणार बघ तुला."

"आमच्यात नसतं ते," तू म्हणालास. "पण मिळू दे."

शुक्रवारी तू वही माझ्यापुढे टाकलीस. समोरच्या खुणेवर टॅग खणखणीत वाचलेला, बाजूच्या खुणांवर शून्य. इतकं स्वच्छ शून्य मी आपल्या मोठ्या अँटेनाचंही बघितलं नव्हतं. मला तिथेच वास आला. खरे आकडे जरा मळके असतात.

मी तपासायला वर आले. आणि आता हे नीट ऐक, कारण सगळं इथेच आहे. मी आल्या आल्या म्हटलं, "टॅग इकडे दे. तुझ्या हातात राहिला तर सोयीने वाकडा धरशील." तू दांडा मला दिलास. मी गोल फिरले, प्रत्येक खुणेवर थांबले. आणि तू? तुला काही कामच उरलं नाही. तू खांबाशी उभा राहिलास, हात खांबावर ठेवून, मुंडावळ्या बांधलेल्या लेकाशेजारी बाप उभा राहतो तसा. बाजूच्या खुणांवर लॅपटॉप टुणटुण वाजायला लागला. सगळं वाचत होता तो.

"बघ," मी म्हटलं.

"अगं पण काल..."

"काल तुझ्या वहीत."

असं तीनदा झालं. मी केबल बदलायला लावली, केबलवर गडबड शोषणारे मणी ओवायला लावले, लॅपटॉप बदलला. माझ्या कागदावर सगळं असायचं: हवा दमट की कोरडी, केबल किती लांब, बॅटरी किती भरलेली. तिन्ही वेळा तुझ्या वहीत शून्य आणि माझ्यासमोर टुणटुण. मग माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. हा आकडे घरी बसून लिहितो.

हे तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं. तू चार शिव्या दिल्या असत्यास, आणि शिव्या देताना कदाचित खांबापासून दूर गेला असतास. पण मी फक्त 'तपासले' कोरं ठेवलं आणि मान तिरकी करून हसले. माझं ते हसू कसं असतं ते मला माहीत आहे. आरशात बघितलंय मी.

तरी मालकांनी गिऱ्हाइकाला शब्द देऊन ठेवला. खेळणं म्हणणारे तेच. चाकणला तीन नंबरच्या दाराशी खांबावर तुझा डबा बसवला, आणि चार नंबरच्या दारातून क्रेट न्यायला फोर्कलिफ्टवर तिथला बालाजी. लातूरकडचा, पन्नाशीचा, फोर्कलिफ्ट बैलगाडीसारखी शांत चालवणारा. गिऱ्हाइकाची चार माणसं, मालक, मी. तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास, आणि खांबाशी उभा राहून समजावून सांगू लागलास. जावांची गोष्टसुद्धा सांगितलीस. माझी गोष्ट, माझं नाव न घेता.

बालाजीने चार नंबरमधून पहिला क्रेट नेला. तुझ्या तीन नंबरने वाचला. दुसरा नेला, वाचला. तिसरा, चौथा. तुझा आवाज बारीक होत गेला. गिऱ्हाइकाचा मॅनेजर म्हणाला, "अरे, ये तो सब पढ़ रहा है." मालक माझ्याकडे वळले. "वैशाली, हे तपासलं होतं ना?"

मी म्हटलं, "माझी सही नाही त्यावर. आकडे त्याने घरी बसून लिहिलेत. खोटारडा आहे तो."

सगळ्यांदेखत. मला काय कुणी धक्का मारला होता? 'माझी सही नाही' एवढ्यावर थांबता आलं असतं. पण माझी कातडी वाचवायला एवढं पुरलं असतं तरी माझं मन भरलं नसतं. मला तुझी जिरवायची होती. तू हात खांबावरून काढलास, लांब जाऊन केबल गुंडाळायला बसलास. तोवर कुणीतरी स्क्रीन बंद केली होती.

परतताना मोशीच्या अलीकडे गाडी दीड तास अडकली. पुढच्या सीटवर मालक फोनवर दुसऱ्याच गिऱ्हाइकाला शब्द देत होते. तू मांडीवर डबा उघडून एक दांडी नखाने सरळ करत होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "सही नको करूस. पण रकाना खोडू नकोस."

मी खिडकीबाहेर बघितलं. नंतर आपण बोललो ते कामापुरतं. "तो कनेक्टर दे." "हा घे." एवढंच. माझ्या बाजूने मी वाट बघत होते की तू कबूल करशील. तुझ्या बाजूने तू कशाची वाट बघत होतास ते मला आता कळलंय, आणि कळून काय उपयोग?

बालाजी आला होता त्या दिवशी हॉलमध्ये. शिफ्ट सोडून, चाकणहून दोन बस बदलून. फ्लेक्सवरच्या त्या पंधरांपैकी निम्मे आले नाहीत, तो आला. माझ्याजवळ येऊन चहाचा कप धरून उभा राहिला.

"म्याडम, लई जीव लावायचे सर. त्या दिशी मीच दोनदा म्हनलो, सर बाजूला व्हा, फोर्क लागंल. खांब सोडंनातच. बोलत बोलत हात खांबावरच. लोखंडाला एवढा जीव कुनी लावतंय का?"

मी 'हो ना' म्हटलं. माझा कप तसाच टेबलावर ठेवला. खांब सोडंनात. हात खांबावरच. स्लॅबवर तीनदा आणि चाकणला चौथ्यांदा. आणि वहीतल्या आकड्यांच्या वेळी टॅग कुणाच्या हातात होता? तुझ्या. म्हणजे तू कुठे होतास? चार पावलं लांब, गोलावर.

तेवढ्यात वहिनी आल्या, हातात पिशवी. "वैशालीताई, हे तुमचंच आहे. मला म्हणायचे, वैशाली करेल एक दिवस सही." पिशवीत वही आणि डबा. डब्याकडे बघून त्यांना रडता रडता हसू आलं. "आणि हा डबा मी घरभर शोधत होते हो. शेजारणीवर आळ घेतला मी." तर तू चोर निघालास मिलिंद. निदान एवढं तरी माझं खरं निघालं.

वही घरी जाऊन उघडली. चाकणनंतरचेही सगळे गुरुवार होते त्यात. उन्हाळ्यातले, पावसात स्लॅब वाळायची वाट बघून घेतलेले. प्रत्येक ओळीत पुढे आकडा, बाजूला शून्य, 'मोजले'खाली तुझी ती झुरळासारखी सही, आणि 'तपासले' कोरं. खोटारड्या माणसाला एवढा दम नसतो. खोटारडा दोन आठवड्यांत कंटाळतो.

गुरुवारी मी स्लॅबवर गेले. तुझा ऑइलपेंट अजून आहे. डबा खांबावर लावला, लॅपटॉप जोडला, आणि झाडूच्या दांड्याला टॅग चिकटवून तुझ्यासारखी फिरले. समोर खणखणीत. बाजूला शून्य. मागे जवळजवळ शून्य. मला राग आला, म्हणून परत फिरले. तेच. मग टॅग प्लास्टिकच्या खुर्चीवर चिकटवून खुर्ची बाजूच्या खुणेवर ठेवली, आणि मी खांबाशी जाऊन उभी राहिले. हात खांबावर, तुझ्यासारखा. टुण. टुण. टुण. लांब गेले, चिडीचूप. परत आले, टुणटुण. असं मी किती वेळा केलं विचारू नकोस. शेजारच्या शेडचा वॉचमन भिंतीवरून बघत होता. त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं.

अरे गाढवा! इतक्या नाजूक तोलावर उभी केलेली वस्तू, केसभर दांडी वाकलेली तिला चालत नाही हे जगाला तूच सांगायचास, आणि स्वतःचं पंच्याऐंशी किलोचं धूड तिला खेटून उभं करायचास? मोठ्या अँटेनाशेजारी उभं राहिलं तर काही बिघडत नाही, म्हणून हिच्याशेजारीही चालेल? दूर हो म्हणून तुला बालाजी सांगत होता, फोर्कलिफ्टवाला! तुझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा त्याची नजर चांगली.

आणि मी? मी तर तपासणारी. माझ्या कागदावर हवेतला दमटपणा होता, आणि माणूस कुठे उभा आहे हे नव्हतं. तुझ्या हातात टॅग राहू दिला असता, एकदा, फक्त एकदा, तर मी गोलाबाहेर उभी राहून तुझं शून्य बघितलं असतं. पण मला तुझ्या हातावर भरवसा नव्हता. मी हिसकावून घेतला आणि तुला खांबाशी पाठवलं. आकडे मीच बिघडवले आणि खोटारडा तुला म्हटलं. तू मूर्ख होतास मिलिंद, पण खोटारडा नव्हतास. हे दोन वेगळे शब्द आहेत. मी चारचौघांत चुकीचा वापरला आणि बरोबरचा आत्ता वापरतेय, जेव्हा तू उलटून 'तूच' म्हणू शकत नाहीस.

हुरळून जाऊ नकोस. वॉचमनने लोखंडी शिडी जवळ आणून ठेवली तर पुन्हा टुणटुण सुरू. चाकणला सगळी शिड्या-फोर्कलिफ्टांचीच जत्रा असते. ही तिथे टिकणार नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. यावर आपलं निदान दोन वर्षं भांडण झालं असतं. मला ते हवं होतं. त्या दोन वर्षांसाठी मी आज काय वाटेल ते दिलं असतं.

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. "मिलिंदचे आकडे खरे होते. चाकणला मी चुकीचं बोलले." सोल्डरिंगवाल्या दोघींनी माना खाली घातल्या. मालकांनी घड्याळ बघितलं. "बरं झालं सांगितलंस. पण जाऊ दे गं आता. तो कुठे ऐकतोय?" आणि लगेच, "म्हणजे ते विकता येईल का?" द्रष्टा म्हणणारा माणूस हा.

चाकणला मात्र मी स्वतः गेले, बसने. मॅनेजरला सांगितलं. त्याला तो दिवस आठवतच नव्हता. "कौनसा डिब्बा, मॅडम?" असं विचारलं त्याने. बालाजीला आठवत होतं. त्याने फोर्कलिफ्ट बंद केली, खाली उतरला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग सरांना सांगायला पायजे होतं म्याडम."

म्हणून हे लिहिलं.

वहीतल्या तुझ्या जुन्या ओळींवर मी सही केलेली नाही. न बघितलेल्या आकड्यावर सही नाही, आणि तू गेलास म्हणून नियम बदलणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं. तुझ्या शेवटच्या ओळीखाली मी नवीन ओळ घातली. वार गुरुवार. पुढे आकडा, बाजूला शून्य. शेऱ्यात लिहिलं, 'माणूस दूर.' 'मोजले'खाली माझी सही.

'तपासले' कोरं आहे. दोन्हींत एकाच माणसाने सही करायची नाही, त्यामुळे मला ते भरता येत नाही. दुसऱ्या कुणाला मी वही देणार नाही.

रकाना खोडलेला नाही.

— वैशाली